वरताळा

बॅटरीची गन घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे, जोर किती? असं विचारणाऱ्यानं आयुष्यात एकही बोल्ट अडचणीच्या जागी खोललेला नसतो, असं माझं मत आहे. गन म्हणजे नट-बोल्ट खोलायचं आणि आवळायचं पिस्तुलाच्या घाटाचं यंत्र. ते घेताना आधी हातात धरून डोक्यावर उचलावं आणि शंभर आकडे मोजावेत. साठाच्या आत खांदा भरून आला तर ते दुकानात परत ठेवावं, मग त्याचा जोर हत्तीएवढा का असेना. नंतर त्याची लांबी बघावी, कारण गाडीखाली हात जातो पण गन जात नाही. बॅटरी आपल्या ड्रिलला आणि दिव्याला चालते का ते बघावं. जोर सगळ्यात शेवटी.

मी सुनेत्रा मगदूम. जयसिंगपूरच्या बाहेर, सांगली रस्त्याला आमचं गॅरेज आहे. पाटीवर अजून 'भूपाल मगदूम' असंच लिहिलंय, म्हणजे माझे वडील, आप्पा. दोन हजार एक्केचाळीसच्या जूनमध्ये आमचा हवेचा कॉम्प्रेसर कायमचा बसला आणि हवेच्या नळ्या ओढत फिरायचा मला आधीच वैताग आलेला होता. म्हणून तीन कंपन्यांच्या तीन गन आठ दिवस वापरून बघायला मागवल्या.

पहिली हलकी आणि आखूड होती, कुठंही शिरायची, पण ट्रकच्या चाकापुढं हात टेकायची. दुसरीनं पहिल्याच दिवशी माझा खांदा आणि एका टेम्पोच्या चाकाचा स्टड, दोन्ही मोडीत काढले. तिसरीचं नाव 'नाडी'. ती पहिलीपेक्षा पाऊण किलोनं जड होती आणि तिच्याबरोबर कंपनीची इंजिनिअर अन्विता गुरव स्वतः पुण्याहून आली होती. ज्या गनबरोबर माणूस पाठवावं लागतं ती मी घेत नसते, हे मी तिला चहा देतानाच सांगून टाकलं. पोरगी चिवट निघाली. म्हणाली, आठ दिवस राहते, मग सांगा.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे गवळी दूध घालतो तेव्हा माप भरून झालं की वर आणखी थोडी धार सोडतो. त्याला वरताळा म्हणतात. त्याचे कुणी पैसे मागत नाही, ती गवळ्याची खुशी असते. आप्पा बोल्टाला वरताळा द्यायचे. माप दाखवणारा पाना 'टक' वाजला की काम झालं, असं पुस्तक सांगतं. आप्पा तिथं थांबत नसत. एक श्वास घेत, पाय नीट रोवत आणि मग वरून आणखी एक छोटा झटका देत. म्हणत, "माप कंपनीचं, वरताळा आपला." चाळीस वर्षं त्यांनी असं केलं. मिरजेपासून कागवाडपर्यंतची माणसं त्या एका झटक्यासाठी आमच्याकडे गाड्या आणायची. मगदूमनी आवळलेला बोल्ट ढिला होत नाही, असं लोक बोलायचे आणि ते ऐकून मी वाढले.

तीन वर्षांपूर्वी आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं थोडं जड झालं, पण राहिलं. काठी घेऊन चालतात, मात्र घराच्या पुढं असलेल्या गॅरेजमध्ये त्यांनी त्यानंतर पाऊल टाकलं नाही. मागच्या सोप्यात गॅरेजकडे पाठ करून बसतात आणि आमची गन वाजायला लागली की टीव्हीचा आवाज वाढवतात. सुरुवातीला मी भांडले, मग गप्प बसले.

गुरुवारी कल्लाप्पा शाळेची बस घेऊन आला. बेचाळीस मुलं रोज नेणारा हा ड्रायव्हर स्वभावानं भित्रा आहे, म्हणून मला आवडतो. सोमवारी शाळा सुरू होणार होती, त्याआधी पासिंगसाठी गाडी तपासून हवी होती. डिझेलची ही जुनी बस मध्यंतरी बॅटरीवर बदलून घेतलेली, तरी खालचा सांगाडा तोच. मी ती लिफ्टवर चढवली आणि जड गन एकदा बघून तरी परत पाठवू म्हणून 'नाडी' हातात घेतली.

उजव्या पुढच्या चाकामागं स्टिअरिंगचा डबा असतो. चार मोठे बोल्ट त्याला सांगाड्याशी धरून ठेवतात. पहिल्या बोल्टाच्या डोक्यावर गनच्या तोंडाची गोटी बसवली आणि खटका दाबला, तर गन फिरेचना. नुसता बारीक 'टिंग' असा आवाज आला आणि मुठीवरचा दिवा लाल झाला. बिघडली असेल, असं वाटून मी दुसरं बटण दाबलं.

मुठीनं माझा हात ओढला.

जोरात नाही. कुणी आपल्या हातावर हात ठेवून पाना कसा ओढायचा ते शिकवावं, तसा. एक लांब ओढ, दुसरी, तिसरी, तिन्ही अगदी सारख्या. मग एक विसावा, श्वासाएवढा. आणि त्यावर एक छोटा झटका.

मी बाराव्या वर्षी याच गॅरेजमध्ये हाच हात माझ्या हातावर अनुभवला होता. ओळखायला मला कुणी लागणार नव्हतं. मी गन सोडून मागं सरकले आणि जमिनीवर बसले. कल्लाप्पा 'ताई, पाणी आणू का' असं विचारत होता. मागं सोप्यात टीव्हीवर बातम्या चालू होत्या. आप्पा तिकडं होते आणि आप्पांचा हात इथं, या बोल्टात होता.

अन्वितानं मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. बोल्ट म्हणजे खरं तर एक फार ताठ स्प्रिंग. आवळला की तो केसाच्या जाडीहूनही कमी लांबतो आणि परत आखडायला बघतो, त्या आखडण्यानं चाकं, डबे, सगळं जागच्या जागी राहतं. आपला पाना मात्र ताण मोजत नाही, हाताचा जोर मोजतो. शंभर भाग जोर लावला तर नव्वद भाग बोल्टाच्या आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घासण्यातच जातात. आट्यांना तेल लागलेलं असेल तर त्याच मापाला बोल्ट किती तरी जास्त ताणला जातो आणि पान्याला त्याचा पत्ताही नसतो. 'नाडी' बोल्टात कानाला न ऐकू येणारा आवाज सोडते आणि तो दुसऱ्या टोकाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजते. बोल्ट ताणलेला असेल तर आवाज उशिरा येतो. एवढ्यासाठीच गन बनवली होती.

पुढचं कळलं ते अपघातानं. परत येणारा आवाज स्वच्छ नसायचा, त्याच्या कडा फाटक्या असायच्या. ती घाण म्हणून पुसून टाकत असताना कुणाच्या तरी लक्षात आलं की प्रत्येक बोल्टाची घाण वेगळी आहे. धातूच्या आत कणांच्या रांगा असतात. आपण ओढतो तेव्हा त्या सरकतात, थांबतो तेव्हा किंचित बसतात, पुन्हा ओढलं की नवी सरक पडते. हात किती वेगानं आला, कुठं थांबला, कुठं हिसका दिला, हे सगळं त्या सरकांमध्ये थरांनी साठून राहतं. लाखो बोल्ट वाचून यंत्राला ते थर उलगडायला शिकवलं गेलं. मुठीत एक छोटं वजन आहे, ते तशाच लयीत फिरवलं की तो हात आपल्या हाताला कळतो. आवळणाऱ्याची चूक शिकाऊ माणसाला समजावी म्हणून ही सोय केली होती.

"म्हणजे मी जेवढे बोल्ट आवळले, ते सगळे मला ओळखतात?" मी विचारलं.

"जोवर कुणी खोलत नाही तोवर," अन्विता म्हणाली. "उलटा फिरवला की त्याच रांगा मागं सरकतात आणि सगळं मिसळून जातं."

मग ही लय यंत्रात भरून ठेव, असं मी तिला म्हणाले, तेव्हा ती ओशाळली. ते करता येण्यासारखं होतं, पण कायद्यानं बंदी होती. गन बाजारात येण्याआधीच देशभरच्या मेकॅनिकांनी काम बंद ठेवलं होतं. विमा कंपन्या उद्या प्रत्येक अपघाताला एकेकाचा हात पुराव्याला लावतील, ही त्यांची भीती होती. म्हणून ठरलं की गननं हात वाचावा, साठवू नये. मीही त्या बंदमध्ये तीन दिवस गॅरेजला कुलूप लावलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. आता स्वतःच्याच कुलपाबाहेर उभी होते.

लाल दिव्याचा अर्थ तिनं शेवटी सांगितला, कदाचित मुद्दाम. केसाला बांधायचं रबर एका मर्यादेपलीकडे ताणलं की ते परत आखडत नाही. या बोल्टानं ती मर्यादा ओलांडली होती. विसाव्यापर्यंतच्या तीन ओढींनी माप पुरं केलेलं होतं. पलीकडे नेला तो शेवटच्या झटक्यानं. आज ना उद्या तो तुटणार होता आणि वळणावर त्याच्यामागं डबाही सुटला तर स्टिअरिंग कल्लाप्पाच्या हातात नुसतंच फिरत राहणार होतं. मी बाकीचे तीन बघितलेच नाहीत. बघायचं धैर्य झालं नाही.

कल्लाप्पाला मी बस इथंच राहू दे, शनिवारी या, असं म्हणाले आणि शुक्रवारचा अख्खा दिवस वेड्यासारखी 'नाडी' घेऊन फिरले. आप्पांनी केलेल्या जवळपासच्या जुन्या गाड्या मला तोंडपाठ होत्या. उदगावच्या ट्रॉलीत कुणा घाईच्या माणसाचा हात निघाला, शिरोळच्या जीपमध्ये एक रागीट हात. सगळे बोल्ट मध्ये कुणी ना कुणी खोलून पुन्हा आवळले होते. एका टेम्पोत तीन सारख्या ओढी, विसावा आणि झटका लागला, तसा माझा जीव भांड्यात पडला. मग त्या टेम्पोवाल्यानं सांगितलं की ते काम गेल्या दिवाळीत आप्पांनी नव्हे, मीच त्याला करून दिलं होतं. दिवा तिथंही लालच होता.

परत येताना मला वाटायला लागलं की आप्पांचा हात जगात आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे आणि तो मलाच पुसायचा आहे. ते एक वेळ मी केलं असतं. पण त्यांना हे सांगायचं कसं? ज्या झटक्यावर त्यांनी नाव कमावलं तोच झटका बोल्टाला मारत होता. ज्या माणसाचा हात गेला, त्याला तो हात चुकीचा होता हे जाऊन सांगायचं, म्हणजे मागं राहिलेलंही काढून घ्यायचं. न सांगता बोल्ट बदलले असते तर कुणाला कळलं नसतं. पण ते जिवंत असताना, पलीकडच्या सोप्यात बसलेले असताना, त्यांचाच हात त्यांना न दाखवता पुसणं मला चोरी वाटायला लागलं.

शनिवारी सकाळी मी सोप्यात गेले आणि टीव्ही बंद केला. म्हणाले, "आप्पा, एक गन घ्यायची हाय. तुम्ही बघून सांगा."

"माझा हात कुठं हाय आता, गन बघायला?"

"हाय," मी म्हणाले. "चला, दावते."

का कोण जाणे, पण ते उठले. गॅरेजच्या दारात क्षणभर थांबले, काठीनं जमीन चाचपली आणि आत आले. कल्लाप्पानं वाकून नमस्कार केला. मी बस लिफ्टवर अशी धरली की डबा त्यांच्या छातीसमोर येईल. अन्वितानं गन पेलून धरली आणि मी त्यांचा डावा हात मुठीवर ठेवला. काय होणार ते सांगितलं नाही, फक्त बटण दाबलं.

पहिल्या ओढीला त्यांनी दचकून मागं बघितलं, कुणी हात धरलाय का म्हणून. दुसरीला डोळे मिटले. विसावा आला, झटका आला, मूठ थांबली. मग खांद्यापासून लोंबणाऱ्या आपल्या उजव्या हाताकडे त्यांनी पाहिलं. खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत होते.

"ह्यो मी न्हवं का गं, सुनी?"

मी मान हलवली. जगात असं काही असू शकतं आणि ते माझ्या तेलकट गॅरेजमध्ये घडतंय, याचंच मला नवल वाटत होतं.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग दुसरा बोल्ट, तोही लाल. या खेपेला झटका येऊन गेल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि आणखी एकदा लाव म्हणाले. मी मनात जुळवलेली वाक्यं एकेक करून आठवत होते. त्यातलं एकही वापरावं लागलं नाही.

"हितं," ते हळूच म्हणाले. "वरताळा दिला तवा बोल्ट मऊ पडलाय. ओढला गेलाय ह्यो. लाल दिवा त्याचाच न्हवं?"

"व्हय, आप्पा."

"त्या दिशी मला कळलं न्हाई."

तिसराही लाल निघाला. त्यांनी पुढं खूण केली. चौथ्या बोल्टावर गोटी बसवली आणि मूठ फिरली, तेव्हा माझाही हात त्यांच्या हातावर होता. पहिली ओढ ठीक होती. दुसरी मध्येच घसरली. तिसरी सुरू होऊन थांबली, पुन्हा सुरू झाली. विसावा लांबला आणि त्या विसाव्यात मूठ बारीक थरथरत राहिली. मग झटका आला, अगदी छोटा, लहान मुलानं दिल्यासारखा.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी हा डबा संध्याकाळी बसवला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नव्हते. आम्ही घरातली चार माणसं त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर जेवलो होतो. आम्हाला कुणाला काही दिसलं नाही, त्यांना स्वतःलाही नाही. या लोखंडाच्या तुकड्याला ते कळलं होतं आणि तीन वर्षं त्यानं ते जपून ठेवलं होतं.

"लकवा तवाच आला हुता व्हय," आप्पा म्हणाले. अन्वितानं तोंड वळवून चष्मा पुसला.

मला राहवलं नाही. मी घाईघाईनं बोलून गेले, की आप्पा, हात आजारी होता त्या दिवशी, म्हणूनच बोल्ट बिघडले, यात तुमची चूक नाही. बापासाठी खोटं बोलायला मला कधीच जड गेलेलं नाही.

त्यांनी काठी उचलून मुठीकडे रोखली. "दिवा बघ आधी."

दिवा हिरवा होता. चौथ्या बोल्टाचा ताण अगदी बरोबर होता, अन्विताच्या मोबाइलच्या पडद्यावर मापाला चिकटून.

"तिन्ही बोल्टांना हात धडधाकट हुता आणि तिन्ही लाल," आप्पा म्हणाले. "आजारी हातानं तेवढं माप बरोबर दिलं." आणि ते हसले. लकव्यानंतर त्यांचं हसू एका बाजूनंच येतं, पण ते खरं हसू होतं. मग ते मावळलं आणि त्यांनी विचारलं, अशा किती गाड्या असतील. मी म्हणाले, माझ्याही आहेत, सगळ्यांना बोलावून घेऊ. ते तिथंच स्टुलावर बसले आणि नावं सांगायला लागले. कवठेसारचा पाटील, दानोळीचे दोन मालवाहू टेम्पो, अब्दुललाटचा तो तोतरा दूधवाला. कुणाच्या गाडीला काय केलं ते सालासकट त्यांना आठवत होतं. अन्विता लिहून घेत होती आणि कल्लाप्पा मध्ये मध्ये फोन नंबर पुरवत होता.

लाल बोल्ट त्यांनी स्वतः खोलले. गन आम्ही धरली, खटका त्यांच्या डाव्या बोटाखाली होता. प्रत्येक बोल्ट खोलण्याआधी त्यांनी त्यातला हात एकदा अनुभवला आणि मग खटका दाबला. तिसरा खाली आला तेव्हा मी तो गनच्या गोटीत धरून पुन्हा बटण दाबून पाहिलं. मूठ नुसती कुरकुरली. त्यात आता कुणीच नव्हतं.

चौथ्याला मी गोटी लावली तसा त्यांनी माझा हात धरला.

"नवे घालतोयच तर चारही घालू या की, आप्पा," मी म्हणाले. मुलांच्या बसचा मामला होता आणि आप्पांचा हात राखून ठेवायच्या माझ्या मनातल्या लोभाची मला भीती वाटत होती, म्हणून मी मुद्दामच म्हणाले.

त्यांनी अन्विताला विचारलं. तिनं ताण, बोल्टाचं वय, आट्या, सगळं तीनदा तपासलं आणि सांगितलं, बदलायचं काही कारण नाही.

"मग चांगला बोल्ट उगं काढू ने. एवढं तरी शिकवलंय मी तुला."

तीन नवे बोल्ट मी आवळले. 'नाडी' मापाला येऊन अलगद थांबायची, हिरवी व्हायची. तिसऱ्याला ती थांबली आणि माझं मनगट सवयीनं विसावा घेऊन पुढं निघालं. मला ते थांबवता येईना. जे बाराव्या वर्षी हातात गेलं ते दोन दिवसांत कसं निघणार?

"पुरे," आप्पा म्हणाले.

मी गन खाली ठेवली. दिवा हिरवाच राहिला होता. जड तर जड, हीच घेते म्हणून अन्विताला सांगितलं, तर ती म्हणाली की खांद्याला अडकवायचा पट्टा कंपनीकडून मिळतो, तो आधीच सांगायचा राहिला. मी तिला चार शब्द सुनावले.

कल्लाप्पानं बस खाली घेतली, आवारात दोन चकरा मारल्या, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितली. निघताना तो पाया पडायला आला, तेव्हा आप्पांनी त्याला थांबवलं आणि विचारलं, पुढचं पासिंग कधी.

"आता पुढल्या जूनात, मिस्त्री."

"पहिल्या आठवड्यातच आण. चौथा बोल्ट मी बघणार हाय."

तीन वर्षांत आप्पांनी पुढची तारीख विचारली ती पहिलीच. मी ती गॅरेजच्या भिंतीवर, त्यांना स्टुलावरून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवली.